ध्रुवावर रान होते तेव्हा

इंग्लंडमधील रेडिंग या गावी युरोपीय देशांनी मिळून चालवलेले हवामान अंदाज केंद्र आहे. जगातील सर्वांत भरवशाच्या अंदाजांत त्याच्या अंदाजांची गणना होते. तरीही १९९० च्या दशकात एक चूक या केंद्राची पाठ सोडत नव्हती. हिवाळा ओसरू लागला, सूर्य वर चढू लागला, की कॅनडा आणि सायबेरियाच्या उत्तर भागासाठी केलेले अंदाज प्रत्यक्षापेक्षा फार थंड निघत. वारे, ढग, दाब सगळे तपासून झाले, तरी थंडी कागदावर जास्त आणि जमिनीवर कमी.

उत्तर सापडले ते कॅनडाच्या रानात. सस्कॅचेवान आणि मॅनिटोबा या प्रांतांत १९९४ ते १९९६ या काळात ‘बोरियास’ नावाची मोठी मोहीम झाली. स्प्रूस आणि पाइनच्या दाट रानांत उंच मनोरे उभारून किती ऊन खाली येते आणि किती परत जाते, याची मोजणी झाली. बर्फाने झाकलेला गवताळ माळ अंगावर पडणाऱ्या उन्हाचा सुमारे ७५ टक्के भाग परत आकाशात धाडतो. त्याच बर्फात उभे असलेले सूचिपर्णी रान जेमतेम १३ टक्के धाडते. बर्फ फांद्यांतून घसरून खाली जमिनीवर पडतो आणि वर काळपट हिरवे शेंडे उघडेच राहतात. उन्हात वाळत टाकलेली काळी घोंगडी शेजारच्या धोतराच्या आधी तापते, तसे हे रान तापते. केंद्राच्या गणितात मात्र बर्फ पडला की रान आणि माळ दोन्ही सारखेच पांढरे धरले जात होते. १९९६ साली जंगलातील बर्फासाठीचा परावर्तनाचा आकडा ०.८ वरून ०.२ वर आणला गेला आणि वसंतातले अंदाज सुधारले.

एवढ्या एका दुरुस्तीत या संपूर्ण विषयाचे बीज आहे. कोणत्या हवामानात कोणते रान उगवते, हे शाळेच्या भूगोलात शिकवले जाते: पाऊस भरपूर तर सदाहरित, कमी तर पानझडी, थंडी तर सूचिपर्णी. या शिकवणीत रान हे हवामानाचे मुकाट फळ असते. पण रान उगवले की तेही हवामानावर काम करू लागते. ऊन शोषते, पाणी हवेत सोडते, वाऱ्याला अडवते, मुळांनी खडक फोडते, हवेतला कार्बन लाकडात आणि चिखलात बांधून ठेवते. यातली काही कामे दिवसाच्या हिशेबाने होतात, काही लाखो वर्षांच्या. पृथ्वीच्या इतिहासातील उष्ण कालखंडांकडे पाहिले की ही दोन्ही प्रकारची कामे एकाच पटावर दिसतात, आणि म्हणूनच गेली काही दशके भूशास्त्रज्ञ, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि हवामानाची गणिते मांडणारे संशोधक या जुन्या रानांभोवती एकत्र आले आहेत.

त्यांतले सर्वांत विलक्षण रान कॅनडाच्या अगदी उत्तरेला ॲक्सेल हायबर्ग बेटावर आहे. अक्षांश सुमारे ८० अंश. आज तेथे उभे असे झाड नाही. विलोच्या वीतभर काटक्या जमिनीला चिकटून जगतात. १९८५ साली तेथून जाणाऱ्या एका हेलिकॉप्टर चालकाला टेकडीच्या उतारावर झाडांचे बुंधे दिसले. सस्कॅचेवान विद्यापीठाचे जेम्स बॅसिंजर यांनी त्यांचा अभ्यास हाती घेतला, तेव्हा ते सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वीचे निघाले. नवल वयाचे तर आहेच, त्याहून मोठे नवल त्यांच्या स्थितीचे आहे. हे बुंधे दगड झालेले नाहीत. करवतीने कापले तर कापले जातात, पेटवले तर जळतात. बुंध्यांच्या आजूबाजूला तेव्हाचा पालापाचोळा थराथराने पडून आहे. पूरमैदानातील गाळाने रान गाडले गेले आणि पुढे गोठलेल्या जमिनीने ते जपून ठेवले.

रान होते मुख्यतः मेटासेक्वोयाचे. जपानचे शिगेरू मिकी यांनी १९४१ मध्ये या वंशाचे वर्णन केवळ जीवाश्मांवरून केले होते. तो कायमचा नामशेष झाला असे वाटत असताना काही वर्षांतच चीनमध्ये त्याची जिवंत झाडे सापडली आणि १९४८ मध्ये त्या जातीला रीतसर नाव मिळाले. आज जगभरच्या उद्यानांत ही झाडे लावलेली दिसतात, त्यामुळे ध्रुवावरच्या त्या रानाची उंची आणि वाढ ताडून पाहायला जिवंत नमुना हाताशी आहे. शेजारच्या एल्समिअर बेटावर, आणखी काही दशलक्ष वर्षे जुन्या थरांत, मेरी डॉसन आणि रॉबर्ट वेस्ट यांना १९७० च्या दशकात मगरीच्या जातीच्या ॲलिगेटरची हाडे मिळाली, कासवेही मिळाली. ॲलिगेटर कडाक्याचा गारठा सोसू शकत नाही. म्हणजे उत्तर ध्रुवाच्या अंगणात हिवाळाही सौम्य होता. या बेटांचा अक्षांश तेव्हाही आजच्यापेक्षा थोडाच कमी होता, तेव्हा भूखंड सरकले म्हणून ऊब मिळाली, हे स्पष्टीकरण पुरत नाही.

मग प्रश्न पडतो तो अंधाराचा. इतक्या उत्तरेला हिवाळ्याचे तीन-चार महिने सूर्य उगवतच नाही. रान तग कसे धरत होते? फार काळ असे मानले जाई की मेटासेक्वोयासारखी झाडे पाने गाळत, कारण अंधारात पाने टिकवली तर श्वसनात साठा संपून जाईल. इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठात डेव्हिड बीअर्लिंग आणि सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष करून पाहिले. ध्रुवीय ऋतूंप्रमाणे उजेड आणि अंधार देणाऱ्या खोल्यांत, कार्बन डायऑक्साइड वाढवून, पानझडी आणि सदाहरित अशी दोन्ही प्रकारची झाडे वाढवली. २००३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष समजुतीच्या उलट होता: पाने टिकवून श्वसनात जेवढा कार्बन खर्च होतो, त्याहून कितीतरी जास्त कार्बन पाने गाळून टाकण्यात जातो. तरीही आर्क्टिकची राने मुख्यतः पानझडीच होती. याचे समाधानकारक उत्तर मिळवण्यासाठी मातीतील अन्नद्रव्ये, वणवे, वाढीचा वेग असे अनेक धागे तपासावे लागतात. येथे महत्त्वाचे एवढेच, की तीन-चार महिन्यांचा अंधार जंगलाला अडवू शकला नाही. अडवते ती थंडी.

रान पोहोचले की त्याने काय केले? पहिली गोष्ट रेडिंगच्या अंदाजकारांना कळली तीच. वसंतात सूर्य परतला तेव्हा त्याच्या किरणांना पांढरा माळ भेटला नाही, काळपट शेंडे भेटले. ज्या उन्हाने एरवी परत जायचे, ते जमिनीवरच अडले. दुसरी गोष्ट पाण्याची. झाडांनी जमिनीतले पाणी पानांवाटे हवेत सोडले आणि पाण्याची वाफ हा स्वतःच उष्णता अडवणारा वायू आहे. अमेरिकेच्या होप जारेन यांनी ॲक्सेल हायबर्गच्या लाकडातील ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या समस्थानिकांवरून तेव्हाच्या हवेतील दमटपणाचा अंदाज बांधला, तो आजच्या आर्क्टिकपेक्षा खूपच जास्त निघतो. तिसरी गोष्ट समुद्राची. किनाऱ्यालगतची जमीन उबदार राहिली की शेजारचे पाणीही उशिरा गोठते, आणि पाणी उघडे राहिले की तेही ऊन शोषते. एक ऊब दुसरीला हात देते.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. बेट ऑटो-ब्लीस्नर आणि गार्लंड अपचर्च यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात क्रेटेशस कालखंडाच्या उत्तरार्धाचे गणित मांडले. डायनोसोर अजून होते तो हा काळ. जीवाश्मांवरून दिसते तशी जंगले ध्रुवीय प्रदेशांत ठेवून एकदा आणि ती काढून एकदा, असे संगणकावर हवामान चालवून पाहिले. जंगले असताना उच्च अक्षांशांची जमीन बरीच उबदार झाली, आणि ती ऊब समुद्रापर्यंत पोहोचून हिवाळाही सौम्य झाला. जंगले काढली की गणितातले ध्रुव थंडावत आणि प्रत्यक्ष जीवाश्मांशी त्यांचा मेळ बसेना.

दक्षिणेकडचा पुरावा आणखी अलीकडचा आहे. २०१७ च्या सुरुवातीला जर्मनीचे ‘पोलारस्टर्न’ हे संशोधन जहाज पश्चिम अंटार्क्टिकातील पाइन आयलंड हिमनदीसमोरच्या समुद्रात होते. समुद्रतळावर ठेवून चालवायच्या यंत्राने तळाला छिद्र पाडून गाळाचा नमुना वर काढण्यात आला. त्यातला एक भाग रंगाने वेगळा दिसला. त्याचे सीटी स्कॅन केले तेव्हा आत मुळांचे जाळे दिसले. जिथे वाढली होती तिथेच, त्याच मातीत, सुमारे ९ कोटी वर्षे ही मुळे पडून होती. आल्फ्रेड वेगेनर संस्थेचे योहान क्लागेस यांच्या नेतृत्वाखालील गटाने २०२० मध्ये हा शोध प्रसिद्ध केला. त्या मातीत ६० हून अधिक प्रकारचे परागकण आणि बीजाणू होते. ते ठिकाण तेव्हा दक्षिण ध्रुवापासून सुमारे ९०० किलोमीटरवर, ८२ अक्षांशाच्या आसपास होते. वर्षाचे चार महिने अंधार. तरीही वार्षिक सरासरी तापमान १२ अंश सेल्सिअसच्या जवळ, आणि दलदलीचे समशीतोष्ण वर्षावन.

या गटाने पुढचा प्रश्न विचारला: एवढी ऊब आणायला काय काय लागते? हवेत कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत १,१२० ते १,६८० भाग, म्हणजे आजच्या अडीच ते चारपट, असला तरच गणित जुळत होते. पण वायू एकटा पुरत नव्हता. अंटार्क्टिका खंड दाट वनस्पतींनी झाकलेला असावा आणि त्यावर मोठा हिमस्तर नसावा, हेही गणितात घालावे लागले. पृथ्वीवरील सर्वांत थंड खंडावर ऊब टिकवण्यात रानाचा वाटा होता, ही गोष्ट यापेक्षा स्पष्ट शब्दांत क्वचितच कोणी मांडली असेल.

येथे थोडे थांबून सावध करणे भाग आहे. रानाने ध्रुव उबदार केले असे म्हणताना रानानेच सगळे केले असे समजू नये. इओसीन कालखंडाचे, म्हणजे ॲक्सेल हायबर्गच्या रानाच्या काळाचे, हवामान गणितात उतरवताना संशोधक कित्येक वर्षे अडले होते. ध्रुव फार थंड निघत किंवा विषुववृत्त फार तापे. २०१९ मध्ये जिआंग झू, क्रिस्टोफर पॉल्सन आणि जेसिका टिअर्नी यांनी ढगांचे वर्तन नीट धरले तेव्हा बराच मेळ बसला. कार्बन डायऑक्साइड हा पाया, ढग आणि रान हे त्यावरचे मजले, अशीच मांडणी आज न्याय्य वाटते.

हे सगळे कळते कशावरून, हेही वाचकाने जाणून घेण्यासारखे आहे, कारण या विषयात पान हेच यंत्र आहे. १९१५ मध्ये अमेरिकेच्या इर्व्हिंग बेली आणि एडमंड सिनट यांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली: उष्ण प्रदेशांत अखंड कडांची पाने जास्त आढळतात आणि थंड प्रदेशांत दातेरी कडांची. आंबा, फणस, वड डोळ्यांसमोर आणले की पहिली बाजू पटते. एखाद्या थरातील पानांच्या ठशांत किती जातींच्या कडा अखंड आहेत हे मोजून तेव्हाच्या तापमानाचा अंदाज करता येतो. दुसरी खूण पर्णरंध्रांची, म्हणजे पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांची. इयन वुडवर्ड यांनी १९८७ मध्ये केंब्रिजच्या संग्रहातील दोनशे वर्षांतील वाळवलेली पाने तपासली. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तशी पानांवरची रंध्रे सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालेली होती. म्हणजे जीवाश्म पानांवरची रंध्रे मोजली तर जुन्या हवेचा हिशेब मांडता येतो. ज्या पानाने हवामान घडवले, त्याच पानाने त्याची नोंदही ठेवली.

आतापर्यंत सांगितले ते रानाचे उबदार करणारे रूप. त्याचे दुसरे रूप उलट आहे, आणि ते समजायला बरेच मागे, डेव्होनियन कालखंडात जावे लागते.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात गिल्बोआ नावाचे गाव आहे. १८६९ मधील पुराने तेथे झाडांचे दगडी खुंट उघडे पडले आणि पुढे कितीतरी वर्षे पृथ्वीवरील सर्वांत जुने जंगल म्हणून त्यांचा मान राहिला. गिल्बोआपासून थोड्याच अंतरावरील केरो गावाजवळच्या एका बंद खाणीत त्याहूनही जुने, सुमारे ३८ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे रान आढळले. २०१९ मध्ये त्याचा तपशील प्रसिद्ध झाला. तेथे खोड नाही, पान नाही. जमिनीवर पसरलेल्या मुळांच्या खुणा आहेत. आर्किऑप्टेरिस या झाडाची मुळे ११ मीटरपर्यंत लांब, फाटे फुटलेली, आजच्या कोणत्याही मोठ्या वृक्षाच्या मुळांसारखी. त्याआधीच्या वनस्पती जमिनीला वरवर चिकटून होत्या. अशी खोल जाणारी मुळे ही पृथ्वीसाठी नवी शक्ती होती.

फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ एबेलमेन यांनी १८४५ मध्येच सांगून ठेवले होते की खडकांचे विदारण हवेतला कार्बन डायऑक्साइड खाते. पावसाच्या पाण्यात विरघळलेला हा वायू सौम्य आम्ल बनून सिलिकेट खडकांवर काम करतो, त्यातून सुटलेले क्षार नद्यांनी समुद्रात जातात आणि तेथे चुनखडी होऊन तळाशी बसतात. मुळांनी हे काम कैक पटींनी वेगवान केले. मुळे खडकाच्या फटी रुंदावतात, आम्ले सोडतात, पाणी धरून ठेवतात. कुजणारा पाला मातीतील हवेत कार्बन डायऑक्साइड भरतो. येल विद्यापीठाचे रॉबर्ट बर्नर यांनी १९९७ मध्ये या साऱ्याचा हिशेब मांडून दाखवले की जंगलांच्या उदयाबरोबर हवेतील कार्बन डायऑक्साइड मोठ्या प्रमाणात घटला असला पाहिजे. हा हिशेब अजून चर्चेत आहे. कोपनहेगन विद्यापीठाचे टाइस डाल आणि सहकारी यांनी २०२२ मध्ये असा दावा केला की जंगले येण्याआधीच हा वायू समजला जात होता त्यापेक्षा बराच कमी होता. किती घटला हा वाद आहे. झाडांनी खडकांची झीज वाढवली हे मात्र आजही कोणत्याही डोंगरउतारावर मोजता येते.

झिजेला जोड मिळाली दफनाची. कार्बोनिफेरस आणि पर्मियन काळात दलदलींत पडलेली झाडे पुरती कुजलीच नाहीत. त्यांचा कार्बन हवेत परतला नाही, दगडी कोळसा झाला. याच काळात दक्षिणेकडील गोंडवन भूखंडावर मोठे हिमयुग आले आणि ओसरले. चंद्रपूर आणि वर्धा खोऱ्यातला कोळसा ज्या रानांचा आहे, ती ग्लॉसोप्टेरिसची राने त्या हिमयुगाच्या ओसरत्या काळात आणि त्यानंतर वाढली. १९१२ च्या फेब्रुवारीत दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि एडवर्ड विल्सन यांच्या तुकडीने बिअर्डमोर हिमनदीजवळ सुमारे १६ किलो दगड गोळा केले. ते सगळे मरण पावले. शोधपथकाला त्यांच्याजवळ ते दगड मिळाले आणि त्यांत ग्लॉसोप्टेरिसची पाने होती. चंद्रपूरच्या खाणीतले पान आणि ध्रुवाजवळच्या दगडातले पान एकाच वंशाचे. भारत आणि अंटार्क्टिका कधीकाळी एकाच भूखंडाचे भाग होते, याचा हा पुरावा त्यांनी अखेरपर्यंत ओढून नेला होता.

तेव्हा रान ऊब देते की गारवा? उत्तर जागेवर आणि काळावर अवलंबून आहे. ध्रुवाजवळच्या बर्फाळ जमिनीवर ते शंभर-दोनशे वर्षांच्या हिशेबात ऊब देते. सगळ्या पृथ्वीवर, लाखो-कोटी वर्षांच्या हिशेबात, ते खडक झिजवून आणि कार्बन पुरून गारवा आणते. उष्ण कटिबंधात तिसरेच काहीतरी घडते, आणि भारतीय वाचकाला तेच सर्वांत जवळचे आहे.

उष्ण कटिबंधातले आजचे वर्षावन हे फुलझाडांचे वन आहे. सपुष्प वनस्पतींच्या पानांत शिरांचे जाळे फार दाट असते. पानाच्या एका चौरस मिलिमीटरात सरासरी ८ मिलिमीटर लांबीच्या शिरा, तर नेचे आणि सूचिपर्णींत साधारण २. शिरा दाट म्हणजे पाणी वेगाने पानात येणार आणि वेगाने वाफ होऊन जाणार. केविन बॉइस आणि जंग-युन ली यांनी २०१० मध्ये संगणकावर फुलझाडांच्या जागी कमी शिरांची झाडे ठेवून पाहिली. उष्ण कटिबंधाचा मोठा भाग अधिक तापला, अधिक कोरडा झाला. सर्वांत मोठा फटका ॲमेझॉनच्या खोऱ्याला बसला. क्रेटेशस काळात फुलझाडे पसरली तेव्हा त्यांनी स्वतःला लागणारा पाऊस काही अंशी स्वतःच वाढवला, असा याचा अर्थ. आजच्या ॲमेझॉनमध्येही हे दिसते. ब्राझीलचे एनेअस सलाटी यांनी १९७० च्या दशकात पावसाच्या पाण्यातील समस्थानिक मोजून दाखवले की खोऱ्यातला सुमारे निम्मा पाऊस रानानेच पुन्हा हवेत सोडलेल्या पाण्याचा असतो.

या फुलझाडांच्या वर्षावनांचे जुने दाखले उष्ण काळातूनच येतात. कोलंबियातील सेरेहोन कोळसा खाणीत सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीचे वर्षावन आणि त्यातला टायटानोबोआ हा प्रचंड अजगर सापडला. आपल्याकडे गुजरातेत कच्छमधील पानांध्रो येथील खाणीतून ‘वासुकी’ नावाच्या तेवढ्याच अजस्र सापाचे मणके मिळाले. त्याचे वर्णन २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पण रानाचा सर्वांत सुंदर पुरावा सुरत जिल्ह्यातील वस्तानच्या लिग्नाइट खाणीतला आहे. तेथे ५ कोटी वर्षांहून जुना अंबर, म्हणजे झाडांची जीवाश्म झालेली राळ, मिळाला आणि त्यात शेकडो कीटक जसेच्या तसे अडकलेले होते. ही राळ डिप्टेरोकार्प कुळातील, म्हणजे साल वृक्षाच्या कुळातील, वृक्षांची असल्याचे २०१० मध्ये दाखवण्यात आले. आज आग्नेय आशियाच्या वर्षावनांत हेच कुळ प्रमुख आहे. भारत तेव्हा विषुववृत्ताजवळ होता आणि पृथ्वी गेल्या साडेसहा कोटी वर्षांतील सर्वाधिक उष्ण काळातून जात होती. त्या उष्णतेतही हे रान घनदाट होते.

याच प्रवासात महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणाचाही वाटा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचे लाव्हाथर पसरले. बेसाल्ट हा फार लवकर झिजणारा खडक. डेनिस केंट आणि जिओव्हानी मुट्टोनी यांनी २००८ मध्ये असे मांडले की हा ताजा बेसाल्ट घेऊन भारत विषुववृत्ताच्या दमट पट्ट्यात शिरला, तेव्हा त्याच्या झिजेने हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतला आणि इओसीनमधल्या उष्णतेनंतर पृथ्वी थंडावण्यास मदत झाली. गृहीतक म्हणून ते तपासले जात आहे. पण उष्ण, ओल्या हवेत बेसाल्टचे काय होते, हे पाहायला कोणाला दूर जावे लागत नाही. पाचगणीच्या टेबललँडवरचा आणि कोकणातल्या सड्यांवरचा जांभा हा त्याच झिजेचा अवशेष आहे. उंचावरचा अधिक जुना, किनाऱ्याकडचा नंतरचा. सिलिका आणि क्षार वाहून गेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरले. अशा मातीत मुळे जितकी खोल, तितके हे काम वेगवान.

जुन्या काळातील हे धडे आजच्या जवळही येतात. सुमारे ३५ लाख वर्षांपूर्वी, प्लायोसीन काळात, हवेतील कार्बन डायऑक्साइड साधारण आजच्याइतकाच असताना एल्समिअर बेटावर लार्चचे रान होते आणि त्यात उंट वावरत होते. त्या उंटाच्या पायाचे हाड तेथेच सापडले आहे. त्याहून अलीकडे, ६,००० वर्षांपूर्वी, पृथ्वीच्या कक्षेतील फरकामुळे उत्तरेत उन्हाळे उबदार झाले आणि जंगलाची सीमा उत्तरेकडे सरकली. जोनाथन फोली आणि सहकाऱ्यांच्या १९९४ च्या गणितानुसार कक्षेने दिलेली ऊब सुमारे २ अंशांची होती; सरकलेल्या जंगलाने तीत वसंत ऋतूत आणखी ४ अंशांची आणि इतर ऋतूंत सुमारे १ अंशाची भर घातली.  पाहुणा म्हणून आलेले रानच घराचे अर्धे मालक झाले होते.

म्हणून आज टुंड्रा प्रदेशात झुडपे आणि झाडे वाढू लागली आहेत, ही बातमी निखळ आनंदाची मानता येत नाही. उत्तरेच्या बर्फाळ माळांवर कार्बन शोषण्यासाठी झाडे लावण्याच्या योजनांना २०२४ मध्ये ‘नेचर जिओसायन्स’मधून काही शास्त्रज्ञांनी विरोध केला, आणि भूतकाळाचा दाखला त्यांच्याच बाजूने आहे. उष्ण कटिबंधात मात्र हिशेब अगदी वेगळा आहे. तेथे रान कार्बनही धरते, पाऊसही आणते आणि गारवाही देते. सह्याद्रीत किंवा ॲमेझॉनमध्ये जंगल राखण्याविरुद्ध आर्क्टिकचे उदाहरण कोणी पुढे केले, तर तो विज्ञानाचा गैरवापर आहे.

या विषयात एक मोठी उणीव आहे आणि ती भरून काढण्यात भारताचा वाटा मोठा असू शकतो. जुन्या उष्ण काळातील रानांचा उत्तम पुरावा उत्तर अमेरिका, युरोप आणि ध्रुवीय बेटांवरून येतो. विषुववृत्ताच्या पट्ट्यातला पुरावा फार थोडा आहे. पृथ्वी चार-पाच अंशांनी तापली तर उष्ण कटिबंधातली वर्षावने टिकतात की करपतात, हा आजचा कळीचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर ज्या थरांत आहे त्यांतले कित्येक थर गुजरात आणि राजस्थानच्या लिग्नाइट खाणींत आहेत. दख्खनच्या लाव्हाथरांच्या मधल्या गाळातही रान आहे. बिरबल साहनी यांनी मध्य प्रदेशातील मोहगाव कलाँचे जीवाश्म जगापुढे आणले. दिंडोरी जिल्ह्यातील घुघुआला जीवाश्म उद्यान झाले. गडचिरोलीत सिरोंचाजवळ वडधमला तर या लाव्हाथरांहून जुनी जीवाश्म झाडे राखली जात आहेत. पण खाण चालू असते तोवरच थर उघडा असतो. कोळसा निघाला, खाण बुजली किंवा पाण्याने भरली, की पाने, परागकण आणि अंबर यांपर्यंत पुन्हा पोहोचता येत नाही. विदर्भातल्या आणि गुजरातेतल्या प्रत्येक चालू खाणीत, थर उघडे आहेत तोवर, वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना नमुने गोळा करू देण्याची व्यवस्था खाण चालवणाऱ्यांनी आणि विद्यापीठांनी मिळून आताच करावी.